खरेदी कोणाची, श्रेय कोणाला? ट्रान्सफर बाजाराविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता : फुटबॉल मॅनेजरने खेळाडू घेतले आणि विकले, ते बरं केलं की वाईट, हे ठरवायचं कसं? मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : यूर्गन क्लॉपने लिव्हरपूलमध्ये अगदी कमी निव्वळ खर्चात संघ उभा केला, त्यामुळे बाजारात त्याच्याइतका हुशार मॅनेजर नाही, असं माझा मित्र म्हणतो. निव्वळ खर्चावरून असं म्हणता येतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. खेळाडू घेताना एक क्लब दुसऱ्या क्लबला मोजतो ती फी. खरेदीच्या फीमधून विक्रीची फी वजा केली की निव्वळ खर्च मिळतो. क्लबची तिजोरी किती रिकामी झाली, एवढंच तो सांगतो. मॅनेजरची पारख त्यात शोधायला गेलात तर फसाल.

क्लॉप आला ऑक्टोबर २०१५मध्ये. त्याच्या काळातली सर्वांत मोठी विक्री फिलिपे कुटिन्योची. जानेवारी २०१८मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी, अटींवरच्या (ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या तरच द्यायच्या) रकमा धरून, १४.२ कोटी पौंडांपर्यंतचा सौदा केला. पण २०१३मध्ये इंटरकडून ८५ लाख पौंडांना त्याला घेतलं, तेव्हा मॅनेजर होते ब्रेंडन रॉजर्स. ख्रिस्तियन बेंटेकेचंही तसंच. २०१५च्या उन्हाळ्यात ३.२५ कोटी पौंडांना तो आला तो रॉजर्सच्या काळात, आणि २०१६मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला तो क्लॉपच्या. खर्च एकाच्या खात्यावर, जमा दुसऱ्याच्या. रॉबेर्तो फिर्मिनोही क्लॉपच्या आधीच आलेला. त्याची फी क्लॉपच्या खर्चात येत नाही, त्याचे गोल मात्र क्लॉपच्या यशात मोजले जातात.

क्लॉपला श्रेय द्यायचं ते दोन गोष्टींचं. एक, ८५ लाखांच्या खेळाडूची किंमत इतकी चढली त्यात त्याच्या हाताखालच्या दोन-सव्वादोन वर्षांच्या खेळाचा वाटा मोठा. ही खेळाडू घडवण्याची कमाई. खरेदीच्या रकान्यात ती मिसळू नका. दोन, पैसा योग्य जागी लागला. जानेवारी २०१८मध्येच ७.५ कोटी पौंडांचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलरक्षक अ‍ॅलिसन आला, आणि २०१९मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा हाती लागली. संघाचं दुखणं बचावात होतं, पैसाही तिथेच गेला.

प्रश्न : आम्ही काही मित्र आमच्या आवडत्या क्लबच्या मागच्या तीन मॅनेजरांची तुलना करणार आहोत. वही मांडायची कशी, ते पायरीपायरीने सांगाल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी तारखा नक्की करा. मॅनेजर कोणत्या दिवशी आला आणि त्यानंतरची पहिली विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची ठरावीक मुदत) कोणती, ते लिहा. तो विंडो संपायच्या आठवडाभर आधी आला असेल तर ती विंडो वेगळ्या पानावर टाका, कारण तेव्हाचे सौदे बहुधा आधीच ठरलेले असतात. शेवटच्या विंडोतल्या खरेद्याही बाजूला ठेवा. त्या खेळाडूंना वापरायला त्याला पुरेसा वेळच मिळालेला नसतो.

मग प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ : सही करतानाचं वय, पक्की फी, अटींवरची फी, कराराची वर्षं, आठवड्याचा पगार आणि तो कशासाठी घेतला. हा शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. पहिल्या अकरासाठी, बदली म्हणून, की तीन वर्षांनी तयार होईल म्हणून? हा रकाना खरेदीच्या वेळीच भरा. नंतर भरायला बसलं की अपयशी ठरलेला प्रत्येक खेळाडू ‘भविष्यासाठी घेतलेला’ होऊन बसतो.

पुढचा रकाना मिनिटांचा. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल लीगचे ३८ सामने, प्रत्येकी ९० मिनिटं, म्हणजे हंगामात ३,४२० मिनिटं. पहिल्या अकरासाठी घेतलेला खेळाडू पहिल्या दोन हंगामांत सरासरी ६० टक्के, म्हणजे हंगामाला २,०५० मिनिटांच्या आसपास खेळला नाही, तर खरेदी फसली असं धरायला हरकत नाही. ६० टक्के हा आमचा ठोकताळा आहे. तुम्ही ५५ धरलेत तरी चालेल, फक्त तिन्ही मॅनेजरांना एकच माप लावा. दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाला हे माप लागू नाही. तो कमी खेळला म्हणजे पहिला गोलरक्षक धड होता, इतकंच.

दुखापतीचं काय? सहीआधीच्या दोन हंगामांत खेळाडूने किती सामने बुडवले ते पाहा. जुनं दुखणं माहीत असून घेतला असेल तर जबाबदारी खरेदी करणाऱ्याची. धडधाकट खेळाडूचा गुडघा पुढे गेला तर तो नशिबाचा भाग. ती ओळ निकालातून वगळा.

निकाल कधी लावायचा हे वयावर ठरवा. एकोणीस वर्षांच्या मुलाला तीन हंगाम द्या. एकोणतिशीच्या खेळाडूला दोनच, आणि त्याची पुनर्विक्री शून्य धरा. २०१२मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसननी २९ वर्षांच्या रॉबिन व्हॅन पर्सीला सुमारे २.४ कोटी पौंडांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये २६ गोल केले आणि मँचेस्टर युनायटेडने विजेतेपद मिळवलं. पुढे तो ओसरला, विकतानाही फारसं काही हाती आलं नाही. फक्त विक्रीचा रकाना पाहणारा याला तोटा म्हणेल. आमच्या लेखी ती फर्ग्युसनच्या शेवटच्या वर्षांतली सर्वांत नेमकी खरेदी.

प्रश्न : फुकट आलेला खेळाडू म्हणजे निव्वळ फायदाच, नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फी नसते, पगार असतो. शिवाय फी वाचते म्हणून पगार आणि सहीची रक्कम दोन्ही चढतात, एजंटचा वाटाही फुगतो. इंग्लंडमधले पगार आठवड्याचे छापतात. आपल्याला महिन्याची सवय, म्हणून ५२ने गुणायला विसरू नका.

एक कल्पित हिशेब करू. ‘फुकट’ आलेल्या खेळाडूला आठवड्याला २ लाख पौंड, करार चार वर्षांचा. वर्षाला १.०४ कोटी, चार वर्षांत ४.१६ कोटी. दुसरा खेळाडू ३ कोटी फी देऊन आणला, पगार आठवड्याला ८० हजार. त्याचे चार वर्षांचे पगार १.६६ कोटी, एकूण ४.६६ कोटी. चार वर्षांनी तो २ कोटींना विकला गेला तर खरा खर्च २.६६ कोटी. फुकटवाला दीड कोटीने महाग पडला, आणि त्याला कोणी विकतही घेत नाही.

प्रत्यक्षातलं उदाहरण अ‍ॅलेक्सिस सांचेझ. जानेवारी २०१८मध्ये हेन्रिक मखितार्यान आर्सेनलला गेला आणि बदल्यात सांचेझ युनायटेडला आला. फीची देवघेव नव्हती. ४५ सामन्यांत ५ गोल झाले. तेवढा पगार उचलायला दुसरा क्लब सहज तयार होत नव्हता, म्हणून आधी लोन (दुसऱ्या क्लबला तात्पुरता उसना देणं) आणि मग २०२०मध्ये इंटरला फुकट, अशी बोळवण झाली. निव्वळ खर्चाच्या तक्त्यात हा सौदा जवळपास शून्याचा दिसतो! मोठ्या लीगांत गुणतक्त्यातल्या क्रमांकाचं नातं फीच्या बेरजेपेक्षा पगाराच्या बेरजेशी घट्ट असतं, ते उगाच नाही. मॅनेजरांची तुलना एकाच आकड्यावर करायची असेल, तर संघाचा पगार लीगमध्ये कितव्या क्रमांकाचा होता आणि संघ कितवा आला, एवढं पाहा.

प्रश्न : मी हिशेबनीस आहे. क्लबच्या ताळेबंदात खेळाडूच्या विक्रीवर नफा-तोटा निघतो तो बातम्यांतल्या आकड्यांशी जुळत नाही. का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : कारण फी कराराच्या वर्षांवर समान वाटली जाते. अँतोनीचा सौदा घ्या. २०२२मध्ये आयाक्सकडून युनायटेडने त्याला अटींवरची रक्कम सोडून ९.५ कोटी युरोंना घेतलं, करार २०२७पर्यंतचा. दरवर्षी १.९ कोटी खर्ची पडले. तीन वर्षांनी पुस्तकी किंमत उरली ३.८ कोटी. २०२५मध्ये तो रेआल बेतिसला सुमारे २.२ कोटी पक्क्या रकमेला गेला. एजंटचा खर्च वगैरे बाजूला ठेवला तर पुस्तकात तोटा सुमारे १.६ कोटींचा, बातमीत ७.३ कोटींचा. बरोबर दोन्ही. मॅनेजरला जोखायला दुसरा आकडा घ्या; पहिला त्या एका वर्षाच्या ताळेबंदापुरता.

करार जितका लांब तितका वार्षिक भार हलका, म्हणून चेल्सीने २०२३च्या जानेवारीत एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचा करार दिला. त्यानंतर युएफाने (युरोपच्या फुटबॉल महासंघाने) आणि पाठोपाठ प्रीमियर लीगने नव्या खरेद्यांसाठी ही वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली.

अकादमीतून, म्हणजे क्लबच्याच युवा प्रशिक्षणातून, आलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे विक्रीची सगळी रक्कम नफा. तोट्याच्या मर्यादेच्या नियमांत बसण्यासाठी क्लब आधी असेच खेळाडू विकायला काढतात. २०२३मध्ये मेसन माउंट चेल्सीतून युनायटेडला गेला तेव्हा चेल्सीच्या वहीत जवळजवळ पूर्ण रक्कम नफ्यात गेली. अशी विक्री मॅनेजरच्या खात्यावर, जमेला किंवा नावे, टाकण्याआधी दोनदा विचार करा.

प्रश्न : खेळाडू मॅनेजरनेच निवडला हे बाहेरून कळणार कसं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पूर्ण कधीच कळत नाही, अंदाज मात्र बांधता येतो. आधी पदाचं नाव पाहा. ‘हेड कोच’ असेल आणि वर स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी-विक्री पाहणारा अधिकारी) असेल, तर निवड बहुधा समितीची. मग जुनी ओळख शोधा. एरिक टेन हाग युनायटेडला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे आयाक्समधले अँतोनी आणि लिसांद्रो मार्तिनेझ आले; यात त्याचा हात नव्हता असं कोण म्हणेल? पण निवड आणि भाव वेगळे ठेवा. अँतोनी हवा हे प्रशिक्षकाचं मत, त्याच्यासाठी ९.५ कोटी मोजायचे हे वाटाघाटी करणाऱ्यांचं काम. पुढे बेतिसमध्ये तो चांगला खेळला, म्हणजे खेळाडू टाकाऊ नव्हता. भाव भलता होता, आणि लीगही त्याला मानवली नाही.

उलट बाजूही आहे. २०१७मध्ये मोहम्मद सलाहसाठी आग्रह धरला तो लिव्हरपूलचे स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स आणि त्यांच्या चमूने; क्लॉपचा कल युलियान ब्रांटकडे होता. तरी सलाहला गोलसमोर मोकळीक देणारा खेळ बसवला क्लॉपनेच. आम्ही अशा ओळीपुढे ‘निवड : क्लब, वापर : मॅनेजर’ असं लिहितो.

२०१५-१६मध्ये अनपेक्षितपणे प्रीमियर लीग जिंकलेल्या लेस्टरबद्दल तर आणखी सावध राहा. जेमी वार्डी २०१२मध्ये आणि रियाद महारेझ जानेवारी २०१४मध्ये आले, दोघेही नायजेल पिअर्सनच्या काळात. क्लॉदियो रानिएरी आल्यावर आलेला एन्गोलो कांते हा भरतीप्रमुख स्टीव्ह वॉल्श यांचा हट्ट. त्याची चण पाहून रानिएरी साशंक होते. मग सगळं श्रेय वॉल्शना? तेच वॉल्श २०१६मध्ये एव्हर्टनला गेले आणि तिथे दावी क्लासेनसारखी खरेदी वर्षभरात विकावी लागली. पारख तीच, पण सोबतची माणसं आणि खेळाची पद्धत बदलली होती.

प्रश्न : सोडून दिलेले खेळाडू मॅनेजरच्या वहीत धरायचे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : धरायचे, पण त्या जागी कोण आलं तेही लिहून. जोझे मोरिन्योने केव्हिन डी ब्राउनेला जानेवारी २०१४मध्ये चेल्सीतून वोल्फ्सबुर्गला जाऊ दिलं, ही चूक सगळ्यांना पाठ आहे. त्याच महिन्यात नेमान्या मातिच परत आला आणि पुढच्या हंगामात चेल्सीने लीग जिंकली, हे विसरलं जातं. सलाहला मोरिन्योने लोनवर पाठवलं खरं, पण रोमाशी कायमचा सौदा २०१६मध्ये झाला. तोवर मोरिन्यो चेल्सीत नव्हता.

प्रश्न : इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) फी क्वचितच दिली जाते. मग प्रशिक्षकाची खरेदी मोजायची कशी? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : इथलं खरं चलन म्हणजे परदेशी खेळाडूंच्या जागा. २०२०-२१मध्ये मैदानावर पाच परदेशी चालत, पुढच्या हंगामापासून चारच. म्हणून प्रत्येक परदेशी जागेची मिनिटं मोजा. त्यांतली एक जागा अर्धा हंगाम वाया गेली तर ती मोठी चूक.

तुमच्या गोव्याशी जोडलेलंच उदाहरण आहे. सेर्जिओ लोबेरा एफसी गोवाहून मुंबई सिटीत गेला तेव्हा अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बूमूस आणि डाव्या बाजूचा मंदार राव देसाई हे त्याच्या ओळखीचे खेळाडूही मुंबईत आले. बूमूससाठी तर करारातली सुटकेची रक्कम (जी भरली की करार मोडून खेळाडू जाऊ शकतो) मोजावी लागली. त्या हंगामात मुंबईने लीग शील्ड (साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस) आणि चषक (बाद फेरीनंतरच्या अंतिम सामन्याचा) दोन्ही जिंकले. खेळाडूंना त्याची पद्धत आधीच ठाऊक असल्याने जम बसायला लागणारा वेळ वाचला. छोट्या हंगामात ही बचत फीपेक्षा मोलाची. मात्र ही पारख नवा खेळाडू शोधण्याची नव्हे, ओळखीचा निवडण्याची. वहीत ‘आधी हाताखाली खेळलेला’ असा रकाना ठेवा आणि अशा खरेद्यांची बेरीज वेगळी करा.

प्रश्न : ट्रान्सफरमार्क्ट या संकेतस्थळावरची बाजारभावाची किंमत विक्रीऐवजी वापरली तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ती सदस्यांच्या चर्चेतून ठरलेली अंदाजी किंमत असते. कोणी तेवढे पैसे देईल याची हमी नाही. खेळाडू अजून क्लबमध्येच असेल आणि विक्रीचा आकडाच नसेल, तर कल पाहण्यापुरती वापरा. करारात वर्षभरच उरलं असेल तर तो आकडा निम्म्यावर आणा, आणि तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी सरळ शून्य लिहा.