मिलेनियम मालिका: कुठून सुरुवात करावी आणि कुठे थांबावं

तुमचे प्रश्न असे आहेत: २०११ चा 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' हा सिनेमा पाहिला, आवडला, आणि आता वाचनालयात 'द गर्ल इन द स्पायडर्स वेब' हे चौथं पुस्तक हाती लागलंय. पहिल्याची गोष्ट माहीतच आहे, मग थेट चौथं सुरू करू का? हॅकिंगचा भाग कोणत्या पुस्तकात चांगला आहे? आणि अकरावीतली मुलगीही वाचायचं म्हणतेय, तिला द्यावं का? तिन्हींची उत्तरं देतो. पहिल्याला जरा जास्त जागा लागेल.

चौथ्यापासून सुरू करू नका. सिनेमा पाहिला म्हणून पहिलंही गाळू नका.

क्रमात अवघड असं काही नाही. पुस्तकं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने वाचायची. पण इंग्रजीत सगळ्यांची नावं 'द गर्ल'नेच सुरू होतात आणि दुकानात हमखास घोळ होतो, म्हणून एकदा लिहून टाकतो. स्टीग लार्सनची तीन: 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' (२००५), 'द गर्ल हू प्लेड विथ फायर' (२००६) आणि 'द गर्ल हू किक्ड द हॉर्नेट्स नेस्ट' (२००७). मग डेव्हिड लागरक्रांत्सची तीन: 'द गर्ल इन द स्पायडर्स वेब' (२०१५), 'द गर्ल हू टेक्स ॲन आय फॉर ॲन आय' (२०१७), 'द गर्ल हू लिव्ह्ड ट्वाइस' (२०१९). त्यानंतर कारिन स्मिर्नॉफची: 'द गर्ल इन द ईगल्स टॅलन्स' (२०२२) आणि 'द गर्ल विथ आइस इन हर व्हेन्स' (२०२४). ही वर्षं मूळ स्वीडिश आवृत्त्यांची आहेत. इंग्रजी आवृत्त्यांवर काही ठिकाणी नंतरची वर्षं दिसतील, त्याने गोंधळू नका.

आता क्रमाचा एवढा आग्रह का, ते सांगतो. रहस्यकथांची मालिका आपण बऱ्याचदा कुठूनही उचलतो. गुप्तहेर तोच असतो, गुन्हा नवा असतो, काही बिघडत नाही. इथे बिघडतं. कारण या मालिकेतलं सगळ्यात मोठं रहस्य कुठल्या एका खुनाचं नाही. ते मालिकेच्या हॅकर नायिकेचं, लिस्बेथ सालांडरचं आहे. ही मुलगी अशी का आहे, कायद्याने तिच्यावर पालक का नेमलेला आहे, पोलिसांशी ती एक शब्दही का बोलत नाही, हे लार्सन आपल्याला फार राखून, फार हिशोबाने सांगतो. पहिल्या पुस्तकात ती आपल्याला आधी दिसते ती तिच्या मालकाच्या, द्रागान आर्मान्स्कीच्या नजरेतून. त्यालाही ती पुरती कळलेली नाही. मग तिच्या लहानपणातल्या कुठल्याशा दिवसाचे उल्लेख येतात, पण ते अर्ध्यावर सोडलेले. पुस्तक संपतं तेव्हा हेडेबी बेटावरून १९६६ मध्ये नाहीशी झालेली हॅरिएट वांगर हिचा उलगडा झालेला असतो. लिस्बेथचा झालेला नसतो.

दुसऱ्या पुस्तकात लार्सनने केलेली एक गोष्ट मला आजही थक्क करते. सुरुवातीला आपण बराच काळ लिस्बेथच्या सोबत असतो. मग खून होतात, संशय तिच्यावर येतो, सगळं स्टॉकहोम तिला शोधू लागतं आणि नेमकी तेव्हाच ती पानांवरून गायब होते. पुढची कित्येक प्रकरणं पोलीस, पत्रकार, तिचे जुने ओळखीचे लोक तिच्याबद्दल बोलत राहतात. वर्तमानपत्रं वाटेल ते छापतात. तिची बाजू सांगायला ती स्वतः कुठेच नसते, आणि तिच्यावर विश्वास टाकायचा की नाही, हे वाचणाऱ्याला एकट्याने ठरवावं लागतं. तुम्ही आधी चौथं वाचलंत, तर तिचे वडील कोण, बहीण कोण, तिच्यावर नेमकं काय गुदरलं, हे सगळं तुम्हाला आधीच कळलेलं असेल. चौथ्या पुस्तकात ते लपवून ठेवलेलं नाही, तिथे ते गृहीत धरलेलं आहे. मग दुसऱ्यातली ती प्रकरणं नुसती तपासाची जंत्री होऊन जातील.

२०१८ साली 'स्पायडर्स वेब'वर सिनेमा आला. त्या निर्मात्यांनी दुसरं-तिसरं पुस्तक सोडून थेट चौथं घेतलं, नटसंचही बदलला. त्यामुळे ते दुसरं पुस्तकच आहे असा अनेकांचा समज झाला. तुमच्या वाचनालयात ते पुढे मांडून ठेवलेलं असेल, तर कारण बहुधा हेच. तो सिनेमा तूर्त पाहू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाचे सिनेमे हवेच असतील तर २००९ चे स्वीडिश आहेत, नूमी रपास असलेले, पण तेही वाचून झाल्यावर.

तुम्ही पाहिलेला सिनेमा चांगलाच आहे. तरीही पहिलं पुस्तक वाचा, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे शेवटाकडचा एक महत्त्वाचा धागा सिनेमात बदललेला आहे. दुसरं म्हणजे बेटावरचं रहस्य सुटल्यावरही पुस्तकात बराच ऐवज शिल्लक असतो: वेनरस्ट्रॉम नावाच्या उद्योगपतीचा आर्थिक घोटाळा. पुस्तकाची सुरुवातच त्याच्यावर लिहिल्याबद्दल पत्रकार मिकाएल ब्लूमक्विस्टला बदनामीच्या खटल्यात झालेल्या शिक्षेने होते. सिनेमात हा शेवटचा भाग घाईने उरकला आहे, आणि तुम्हाला ज्याची ओढ आहे ते हॅकिंग पुस्तकात खरं रंगतं ते तिथेच. सुरुवातीची शंभरेक पानं मात्र जड जातील. वांगर घराण्यात माणसं फार आहेत. वंशावळीच्या पानात खूण घालून ठेवा आणि नेट धरा.

दुसरं आणि तिसरं ही दोन पुस्तकं म्हणून धरूच नका. ती एकच कादंबरी आहे, दोन खंडांत बांधलेली. दुसरं जिथे संपतं तिथून तिसरं जवळजवळ पुढच्याच क्षणी सुरू होतं. वाचनालयातून आणताना दोन्ही एकदम आणा, म्हणजे मध्ये दुसऱ्या कुणी तिसरं नेलं म्हणून तुमचा खोळंबा होणार नाही. तिसरं वाचण्याआधी स्वीडनच्या राजकारणातली एक तारीख माहीत असली तर बरं. १९७६ च्या निवडणुकीत, चार दशकांहून अधिक काळ सत्तेवर असलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष हरला आणि थोर्ब्यॉर्न फेल्दिन पंतप्रधान झाले. स्वीडिश वाचकाला हे सांगावं लागत नाही. लार्सनचं गुप्तहेर खात्याबद्दलचं सगळं कथानक या सत्ताबदलाच्या आसपास उभं आहे, आणि फेल्दिन स्वतः एका प्रसंगात पात्र म्हणून येतात. इथे वेग मंदावतो, नावं वाढतात. पण खटल्याचा भाग आला की सगळं वसूल होतं. न्यायालयातली इतकी समाधान देणारी प्रकरणं मी फार कमी वाचली आहेत.

आता हॅकिंग. लार्सनची गोष्ट २००२ च्या अखेरीस सुरू होते आणि तिसरं पुस्तक २००५ मध्ये संपतं. आयफोन आला २००७ मध्ये. हे डोक्यात ठेवून वाचलंत तर मजा येईल, नाहीतर लिस्बेथ एवढी खटपट का करतेय असं वाटत राहील. पहिल्या पुस्तकात ती एखाद्याच्या संगणकात शिरते तेव्हा नुसती कळफलकावर बोटं नाचवत नाही. त्याच्या इमारतीत येणाऱ्या ब्रॉडबँडच्या केबलवर एक उपकरण प्रत्यक्ष बसवावं लागतं, त्यासाठी तिथे माणूस जावा लागतो. मग ॲस्फिक्सिया हा तिचा प्रोग्राम त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर तयार करतो, आणि तो माणूस नकळत त्या प्रतीवरच काम करू लागतो. तांत्रिक बाजू पूर्ण पटो न पटो, त्यामागचा विचार पक्का आहे: आधी माहिती, मग माणूस, मग त्याच्या सवयी, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. प्लेग हा तिचा हॅकर मित्र घराबाहेर फारसा पडत नाही, पण त्याच्याशी होणारे तिचे तुटक संवाद मला आजच्या चकचकीत सायबर-थरारपटांपेक्षा कितीतरी खरे वाटतात. तिसऱ्यात तर तिच्याजवळ लॅपटॉपच नसतो (का, ते सांगत नाही). हाती येतो तो पाम टंगस्टन टी३, तळहातावर मावणारा जुना संगणक, आणि जोडणीसाठी दुसरीकडे लपवलेला एक मोबाइल. तेवढ्यावर ती जे करते तो माझ्या मते सगळ्या मालिकेतला हॅकिंगचा सर्वोत्तम भाग आहे. साधनं जितकी तुटपुंजी, तितकी तिची बुद्धी लख्ख दिसते.

तंत्रज्ञान जास्त हवं असेल तर ते चौथ्यात आहे. एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची पाळत उघड केली, आणि त्यानंतरचं जग लागरक्रांत्सने घेतलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारा एक शास्त्रज्ञ, त्याचा न बोलणारा पण आकड्यांत आणि चित्रांत विलक्षण असलेला मुलगा, एनएसएच्या आत शिरलेली लिस्बेथ, मूळ संख्यांवर उभं असलेलं कूटलेखन. लागरक्रांत्सने आधी ॲलन ट्युरिंग या गणितज्ञावर कादंबरी लिहिली होती, त्यामुळे गणिताची त्याची ओढ खरी आहे. मजकूर फुटू नये म्हणून हे पुस्तक त्याने इंटरनेट नसलेल्या संगणकावर लिहिलं.

पण तिसऱ्यानंतर जरा थांबा. लार्सन ९ नोव्हेंबर २००४ रोजी हृदयविकाराने गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. त्याने तिन्ही हस्तलिखितं प्रकाशकाकडे दिली होती, छापलेलं एकही पुस्तक त्याला पाहायला मिळालं नाही. एवा गाब्रिएलसन त्याच्यासोबत सुमारे तीन दशकं राहिली, पण लग्न झालेलं नव्हतं आणि वैध मृत्युपत्रही नव्हतं, म्हणून स्वीडिश कायद्याप्रमाणे हक्क वडिलांकडे आणि भावाकडे गेले. त्याच्या संगणकात चौथ्या कादंबरीचा अपुरा मसुदा होता. लागरक्रांत्सचं पुस्तक त्यावर बेतलेलं नाही, ते स्वतंत्र आहे. एवाने या पुढच्या पुस्तकांना उघड विरोध केला. तिच्या बाजूने उभे राहून तिसऱ्यावरच थांबणारे वाचक आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. लार्सनने उघडलेले मोठे प्रश्न तिसऱ्याच्या अखेरीस मिटतात, त्यामुळे तिथे थांबलात तर अपुरं काही राहत नाही.

मी पुढची वाचली, आणि ती त्याच पात्रांवर दुसऱ्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं म्हणून वाचली. लार्सन हा मुळात पत्रकार. अतिउजव्या संघटनांचा आयुष्यभर माग काढणारा, १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'एक्सपो' नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक. त्याचा राग पानापानांत जाणवतो. पहिल्या पुस्तकाचा प्रत्येक भाग स्वीडनमधल्या स्त्रियांवरच्या हिंसेच्या एकेका आकडेवारीने सुरू होतो, आणि ती सजावट नाही, पुस्तकाचा विषयच तो आहे. लागरक्रांत्सचं लेखन जास्त सफाईदार आहे, पण तो राग त्याच्याकडे नाही. चौथं वेगवान, पाचवं तिघांत सर्वांत सैल, सहावं लिस्बेथ आणि तिच्या बहिणीचा हिशोब पुरा करणारं. वाचायची तर तिन्ही सलग वाचा.

स्मिर्नॉफने गोष्ट उत्तर स्वीडनमधल्या गास्कास या काल्पनिक गावी नेली आहे. लार्सनचं लहानपण उत्तरेतच आजी-आजोबांकडे गेलं, म्हणून मला हे स्थलांतर योग्य वाटतं. हॅकिंग इथे मागे पडतं. पवनचक्क्या, खाणी, जमिनी आणि त्यांवर डोळा ठेवून आलेली माणसं पुढे येतात. स्वाला नावाची तेरा वर्षांची मुलगी या पुस्तकांचा जीव आहे. ती कोणाची कोण, हे नीट पोचायला दुसरं-तिसरं वाचलेलं असायलाच हवं.

मुलीबद्दल. पहिल्या पुस्तकात लिस्बेथचा नवा पालक, वकील ब्युर्मान, याची प्रकरणं आहेत. त्यांत लैंगिक अत्याचाराचं थेट, तपशीलवार वर्णन आहे, आणि पुढे तिने घेतलेला बदलाही तितकाच थेट आहे. हॅरिएटच्या तपासातही स्त्रियांच्या जुन्या खुनांची भयंकर वर्णनं येतात. दुसऱ्यात बायकांच्या तस्करीचा विषय आहे. लार्सन यातलं काहीही चवीने लिहीत नाही, पण सौम्यही करत नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं आधी स्वतः वाचलं असतं, मग त्या प्रकरणांत काय आहे ते मुलीला आधीच सांगून टाकलं असतं आणि वाचायचं की वर्षभर थांबायचं हे तिला ठरवू दिलं असतं. ती थांबते म्हणाली तर तोवर तिला सिनेमाही दाखवू नका. तेच प्रसंग त्यातही आहेत.