केल्विन-रँकिन करताना आधी शून्य पाहा

भाऊ, तू केल्विनचं रँकिन (फॅरेनहाइटएवढ्याच डिग्रीचं तापमानाचं स्केल) करायला आधी सेल्सिअस, मग फॅरेनहाइट आणि मग रँकिन असा फेरा मारून राहिला ना, तो सोड. दोन्ही स्केलचं शून्य एकच आहे, निरपेक्ष शून्य, म्हणजे शक्य तितकं सगळ्यात कमी तापमान, उणे 273.15 सेल्सिअस, त्यामुळे बेरीज-वजाबाकीचा प्रश्नच नाही, सरळ 1.8 ने गुण, उलटं जायचं तर 1.8 ने भाग, बस.

नागपूरच्या मे मधलं 45 सेल्सिअस घे. 318.15 केल्विन झाले, गुणिले 1.8, आले 572.67 रँकिन. ताळा पाहायचा तर 113 फॅरेनहाइटमध्ये 459.67 मिळव, तेच येते.

आता खरी मेख, इथेच पोरं मार्क घालवतात. तापमानातला फरक दिला असेल, समजा 10 डिग्री सेल्सिअसने वाढलं, तर त्यात 273 मिळवायचे नाहीत, फरक 10 केल्विनच राहतो, रँकिनमध्ये 18. पण गॅसच्या गणितात टी (तापमान) आला की तो निरपेक्षच, म्हणजे केल्विन किंवा रँकिनमध्येच पाहिजे, कारण 20 वरून 40 सेल्सिअस म्हणजे तापमान दुप्पट नाही होत, 293.15 चे 313.15 होते, जेमतेम सात टक्के वाढ! आणि केल्विनपुढे डिग्रीचं चिन्ह लावू नको, ते 1967 पासून बंद आहे.