शेकवर काही महिने आणि शेकवर काही वर्षे

सकाळचे आणि दुपारचे जेवण बंद करून त्याऐवजी आपण आठ महिने शेक, म्हणजे जेवणाच्या जागी प्यायचे डब्यातील तयार पोषक पेय, घेत आहात, वजनही चांगले उतरले आहे, आणि हेच पुढे काही वर्षे चालू ठेवल्यास अपाय होईल का, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः दीड वर्ष हे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या पेयांचा उपयोग होतो, हे आधी मान्य करायला हवे. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे 850 किलोकॅलरींच्या सूप व शेकवर ठेवले होते. वर्षअखेरीस त्यांतील 46 टक्के जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली आणि दोन वर्षांनी हे प्रमाण 36 टक्के उरले. मात्र ठरलेला काळ संपताच त्यांना पायरीपायरीने नेहमीच्या जेवणाकडे परत आणले होते, आणि ही गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही. अशा चाचणीवरून काही महिन्यांचा भरवसा धरता येतो, वर्षानुवर्षांचा नाही.

माझा त्रास पोटापासून सुरू झाला. चौथ्या महिन्यात बद्धकोष्ठता इतकी वाढली, की मी प्रथमच डब्यावरील तक्ता नीट वाचला: एका शेकमध्ये तंतुमय पदार्थ फक्त 3 ग्रॅम, म्हणजे दोन वेळचे मिळून 6. प्रौढ माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम लागतात, आणि उरलेले 19 एका रात्रीच्या जेवणातून भरून काढणे मला एकदाही जमले नाही. जीवनसत्त्वांचे रकाने भरलेले दिसतात म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण भाज्या, डाळी आणि फळे यांतून जे असंख्य घटक मिळतात त्यांचा त्या तक्त्यात रकानाच नसतो, आणि चावून खाल्ल्याने जी तृप्ती येते ती घटाघट प्यायल्याने येत नाही.

वजन झपाट्याने उतरताना पित्तातील कोलेस्टेरॉल वाढते, आणि स्निग्धांश फार कमी असल्यास पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही, त्यामुळे खडे होण्याचा धोका असतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखू लागले तर तपासणी लांबवू नका. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. 1976-77 च्या सुमारास अमेरिकेत कोलॅजेनपासून केलेल्या निकृष्ट द्रव प्रथिनांवरच राहिलेल्या अनेकांचा हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला होता. आजची पेये तशी नाहीत, पण प्रथिने कशापासून बनवली आहेत हे पाहण्याची सवय मला त्या प्रकरणामुळेच लागली.

माझ्या मते एक शेक चालू ठेवण्यास हरकत नाही, दुसरा सोडावा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर कोणताही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. आपल्या डब्यावर तंतुमय पदार्थ आणि प्रथिने किती ग्रॅम लिहिली आहेत ते कळवा, म्हणजे कोणते जेवण आधी परत आणावे हे सांगता येईल.