जंगलातला रेंजर राजधानीत आला, आता त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या एडिशनचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, जंगलात सुरू झालं म्हणून तुम्ही एल्फ वंशाचा रेंजर (रानात माग काढणारा योद्धा) घेतलात. नॅचरल एक्सप्लोररमध्ये (ओळखीच्या प्रदेशात उपयोगी पडणारी क्षमता) जंगल निवडलंत, फेवर्ड एनिमी (खास अभ्यास केलेले शत्रू) म्हणून ऑर्क आणि नोल. लुटारूंच्या टोळीने त्याचं गाव जाळलं, हा त्याचा इतिहास. पार्टी पाचव्या लेव्हलला पोचली आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, सगळ्यांना राजधानीत नेलं. आता सरदार घराणी, गिल्ड, मेजवान्या आणि कारस्थानं सुरू आहेत, करिष्मा (लोकांवर छाप पाडायचा गुण) जेमतेम 8 असलेला तुमचा रेंजर कोपऱ्यात उभा आहे, आणि नवीन कॅरेक्टर करावं का असं तुम्हाला वाटतंय.

आधी आहे त्यालाच वळवून बघा, असं मी सांगेन. नवीन कॅरेक्टरचा भूतकाळ कागदावर असतो. तुमच्या रेंजरच्या पाच लेव्हल टेबलवरच्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तो शहरात अवघडला, चिडला, हळूहळू सरावला, तर त्याचा अर्थ प्रत्येकाला कळतो.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा नियमांचं पुस्तक उघडतात. कुठलं फीट (खास कौशल्य) घेऊ, कुठल्या क्लासची (रेंजर, क्लेरिक यांसारख्या पेशाची) लेव्हल घेऊ. ते नंतर. आधी त्याला काय हवंय ते एका ओळीत लिहा. जंगल ही त्याची राहायची जागा होती. त्याला हवं आहे ते म्हणजे गाव जाळणाऱ्यांचा हिशेब. मग त्या लुटारूंना तलवारी कुणी पुरवल्या? ओसाड पडलेल्या जमिनीवरचं लाकूड आज कुणाच्या वखारीत येतं? ही उत्तरं जंगलात मिळणारच नव्हती, ती राजधानीतच आहेत. डीएमला एक मेसेज टाका, ‘या सरदार घराण्यांपैकी एखाद्याचा माझ्या गावाशी संबंध जोडता येईल का?’ मी स्वतः डीएम म्हणूनही खेळते, आणि खेळाडूकडून असा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो. अर्धं काम त्यानेच करून दिलेलं असतं.

ही गोष्ट मी लॅथँडरची क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारी पुजारीण) खेळताना शिकले. फरगॉटन रेल्म्स या डीएनडीच्या काल्पनिक जगातला हा पहाटेचा देव. उगवत्या सूर्याकडे जाणारा रस्ता ही त्याची खूण. आमचं कॅम्पेन खेड्यापाड्यांत होतं तोवर तिचं छान चाललं होतं: बाळंतपणं, आजारपणं, नव्या घरांना आशीर्वाद. मग कथा अंडरडार्कमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या भुयारांच्या जगात, उतरली. तिथे सूर्यच नाही. ती वंशाने माणूस, म्हणजे डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची क्षमता) नाही. पार्टीतल्या ड्वार्फ आणि एल्फला अंधारात 60 फुटांपर्यंत दिसायचं, तिला समोरचा हात दिसेना. म्हणून ती ढालीवर लाइट हा उजेडाचा मंत्र टाकून चालायची, आणि भुयारातल्या प्रत्येकाला आमचा पत्ता लागायचा. शेवटी रोग (Rogue, चोरपावलांत तरबेज असलेला क्लास) खेळणारा मित्र म्हणाला, “अगं, तो उजेड बंद कर, सगळे मरू!”

आता इथे ‘माझं कॅरेक्टर असं कधीच करणार नाही’ हे वाक्य अगदी जिभेवर येतं. देवाची खूण ती कशी विझवेल? पण मी तिची ओळ आठवली: सोबतच्यांना रात्रीतून पार न्यायचं. उजेड हे त्याचं साधन होतं. तिने लाइट घालवला, ड्वार्फच्या कमरपट्ट्याला धरलं आणि चालू लागली. त्यानंतर प्रत्येक लाँग रेस्टनंतर, म्हणजे मोठ्या विश्रांतीनंतर, ती सगळ्यांना उठवायची, मिट्ट काळोखात पहाटेची प्रार्थना म्हणायची आणि जाहीर करायची की सकाळ झाली. हळूहळू तेच आमचं कॅलेंडर झालं. ‘तिसऱ्या पहाटेला निघू’ असं ड्वार्फसुद्धा म्हणायला लागला. आमच्याबरोबर एक ड्रो (अंडरडार्कमधला एल्फ) कैदी होता. त्याने एकदा विचारलं, पहाट म्हणजे नेमकं काय होतं? दोघा-तिघांनी मिळून त्याला समजावलं. पक्षी, दव, चुलीचा धूर, सगळं. डीएमने यातलं काहीही ठरवलेलं नव्हतं. त्या कॅम्पेनमधला तो माझा सर्वांत आवडता प्रसंग आहे.

नियमांची बाजू तिच्यासाठी सोपी होती, कारण क्लेरिकला लाँग रेस्टनंतर तयार स्पेल्स (मंत्र) बदलता येतात. ड्रोंना सूर्यप्रकाश सोसत नाही, म्हणून डेलाइट या स्पेलने त्यांना त्रास होतो असं पुष्कळांना वाटतं, पण 2014 च्या नियमांप्रमाणे तो स्पेल नुसता प्रखर उजेड देतो, सूर्यप्रकाश नाही. मी तो यादीतून काढला आणि क्रिएट फूड अँड वॉटर घेतला. अंडरडार्कमध्ये पोटापाण्याचा प्रश्न मोठा असतो.

रेंजरचं जरा वेगळं आहे. त्याच्या स्पेल्स ठरलेल्या असतात आणि लेव्हल वाढताना जुन्यातला फक्त एक बदलता येतो. पण पाचव्या लेव्हलला दुसऱ्या पातळीच्या स्पेल्स खुल्या होतात, आणि त्यातला पास विदाउट ट्रेस शहरात सोन्यासारखा आहे. सगळ्या पार्टीच्या स्टेल्थला (लपतछपत जाण्याला) 10 ची भर. चिलखत घातलेला पॅलाडिनसुद्धा सरदाराच्या वाड्याच्या मागच्या दाराने आत जाऊ शकतो. स्पीक विथ अ‍ॅनिमल्सही घ्याच. राजधानीत तबेले आहेत, उंदीर आहेत, छपरांवर कबुतरं आहेत. मध्यरात्री कुणाची बग्गी कुठे गेली हे तिला जुंपलेल्या घोड्याला विचारा.

नॅचरल एक्सप्लोरर आणि फेवर्ड एनिमी शहरात जवळपास निरुपयोगी होतात, ही तक्रार जुनीच आहे. 2020 च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकात त्यांच्या जागी डेफ्ट एक्सप्लोरर आणि फेवर्ड फो हे पर्याय दिले आहेत. 2024 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तर ठरावीक प्रदेश निवडायची भानगडच काढून टाकली. बदल करायचा की नाही हे डीएमच्या हातात, पण मागायला संकोच करू नका. रोगची एखादी लेव्हल घेणंही जमेल, डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि विस्डम (शहाणपण) दोन्ही किमान 13 असतील तर. रोगमुळे दोन स्किल्समध्ये एक्सपर्टीज (दुप्पट प्रावीण्य) मिळते. मात्र ती लेव्हल कथेतून येऊ द्या. एखाद्या रस्त्यावरच्या पोराने कुलूप उघडायला शिकवलं, असं दोन सेशन आधीपासून खेळा.

करिष्मा 8 ची काळजी सोडा. बोलायचं काम बार्डचं, म्हणजे पार्टीतल्या गायक-कलावंताचं, ते त्याच्याकडेच राहू द्या. इनसाइट (समोरच्याच्या मनातलं ओळखणं) आणि पर्सेप्शन (बारकावे टिपणं) विस्डमवर चालतात आणि दोन्ही रेंजरच्या स्किल्सच्या यादीत आहेत. बार्ड उमरावाशी गोड बोलत असताना तुम्ही डीएमला विचारा: “त्याच्यामागे उभ्या असलेल्या नोकराच्या बुटांना कसला चिखल आहे?” दगडी फरसबंदीच्या वाड्यात लाल नदीकाठचा चिखल दिसला, की पुढचा धागा तुमच्या हातात. मागावर जाणं हेच तर त्याचं काम, फक्त आता माग हरणाचा नसून माणसाचा आहे. आणि त्याचं अवघडलेपण लपवू नका. उघड्या खिडकीशिवाय त्याला झोप येत नाही, मेजवानीत काटा-सुरी पाहून तो गोंधळतो, हे खेळा. त्यावर इतरांनाही काहीतरी खेळता येतं.

एक गोष्ट मात्र स्वतःला स्पष्ट विचारा: तुम्हाला, खेळाडूला, राजकारणाचं कॅम्पेन खेळायचं आहे का? नसेल तर नवीन कॅरेक्टर करूनही कंटाळाच येईल. ते सेशनमध्ये रुसून दाखवू नका, डीएमशी बाहेर भेटून बोला. दोन-तीन सेशनमागे एकदा शहराबाहेरची मोहीम मागणं अजिबात वावगं नाही.

हे सगळं करूनही तो रेंजर तिथे गुदमरतोय असं वाटलं, तर त्याला सन्मानाने निरोप द्या. मारू नका. गाव पुन्हा वसवायला तो परत गेला असं करा आणि तो एनपीसी (खेळाडू नाही तर डीएम चालवतो ते पात्र) म्हणून डीएमच्या हवाली करा, म्हणजे पुढे पार्टीला जंगलात आसरा लागला तर तो असेल. नवीन कॅरेक्टर त्याच लेव्हलला घ्या, आणि पार्टीतल्या किमान एकाशी त्याची आधीची ओळख ठेवा.