विंडोज ११ टाकताना ड्राइव्हची यादी रिकामी येते, लॅपटॉपमधली एसएसडी दिसतच नाही. ती खराब झाली का?

एसएसडी बहुतेक ठणठणीत आहे, फक्त सेटअपकडे तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई प्रकारची एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये सहसा नसतो. आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा लॅपटॉपचा सेटिंग्जचा पडदा, उघडून बघा. तिथेही एसएसडीचं नाव नसेल तर ड्रायव्हरचा काही उपयोग नाही. ती काढून पुन्हा नीट बसवा किंवा दुसऱ्या मशीनमध्ये लावून तपासा. नाव दिसत असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, एक्स्ट्रॅक्ट करा, म्हणजे आतल्या फाइल्स एका फोल्डरमध्ये बाहेर काढा, आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. नुसती ईएक्सई फाइल टाकून चालत नाही, सेटअपला ड्रायव्हरची माहिती असलेली आयएनएफ फाइल लागते. बहुतेक जण इथेच अडकतात. मग रिकाम्या यादीच्या पडद्यावरच ‘लोड ड्रायव्हर’ निवडून तो फोल्डर दाखवा. ड्रायव्हर बरोबर असेल तर एसएसडी लगेच यादीत येते.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही ती दिसू लागते, पण त्यावरचं जुनं विंडोज ठेवायचं असेल किंवा दोन ड्राइव्ह रेडमध्ये (RAID, म्हणजे एकत्र मिळून एकच ड्राइव्ह म्हणून) जोडलेले असतील तर कृपया तसं करू नका. जुनं विंडोज सुरूच होणार नाही, आणि रेडमधला डेटा धोक्यात येईल.