भूतारा की भुईतारा?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. येऊरच्या पायवाटेवर पालापाचोळ्यात त्यांना चांदणीसारखं काहीतरी दिसलं, मधे गोळा आणि भोवती सहा-सात पाकळ्या. लेकाने ‘अर्थस्टार’ हे नाव शोधून दिलं. मराठीत ही बुरशी, अळंबी की कवक? आणि ‘भूतारा’ म्हटलं तर चालेल का?

बुरशी नको. ती लोणच्याला येते, पावाला येते, पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर चढते. मातीतून उगवते ती अळंबी. कवक हा शास्त्राचा शब्द, बुरशी आणि अळंबी दोघींना पोटात घेणारा. शब्द तसा जुनाच. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून कवकंही वर्ज्य केली आहेत.

‘भूतारा’ अर्थाला अगदी चोख. मूळ नाव जिअॅस्ट्रम, ग्रीकमध्ये जमीन अधिक तारा. पण मोठ्याने वाचून बघा, आधी भूतच दिसतं! भुईमूग, भुईआवळा, भुईरिंगणी, भुईकोट अशी घरची रीत असताना सरळ ‘भुईतारा’ म्हणावं.

मात्र नावावरून नातं जोडू नका. भुईआवळा आवळ्याच्याच प्रजातीतला (इंग्रजीत जीनस) आहे, भुईमूग मुगाचा लांबचा भाऊबंद, आणि तारामासा तर मासाच नव्हे. भुईताऱ्यांचंही तेच. कवकशास्त्रज्ञ पेरसून यांनी 1801 मध्ये एका कवकाला जिअॅस्ट्रम हायग्रोमेट्रिकम म्हटलं. 1889 मध्ये मॉर्गन यांनी त्याला वेगळं काढून अॅस्ट्रिअस प्रजातीत टाकलं. बीजाणू (कवकाच्या बियाच म्हणा) पिशवीत तयार होतात एवढ्यावरून पुढेही दोघं एकाच मोठ्या गटात नांदत होती. डीएनए पाहिल्यावर ते घर मोडलं: जिअॅस्ट्रम दुर्गंधी अळंब्यांच्या जवळचं निघालं, अॅस्ट्रिअस बोलीटस नावाच्या छत्रीवाल्या अळंबीच्या गोतातलं. जिअॅस्ट्रम कुजक्या पाल्यावर जगतं, अॅस्ट्रिअस जिवंत झाडाच्या मुळांशी भागीदारी करतं. जिअॅस्ट्रमच्या गोळ्याला माथ्यावर बारीक तोंड असतं. पावसाचा थेंब पडला की त्यातून तपकिरी धुरळा फुसकन उडतो. अॅस्ट्रिअसचा गोळा वेडावाकडा फाटतो आणि त्याच्या पाकळ्या सुकल्या की मिटतात, भिजल्या की उघडतात. (मिटणारी जिअॅस्ट्रमंही थोडी आहेत, तेव्हा तेवढ्यावर पैज लावू नका.)

झारखंडात अॅस्ट्रिअसला ‘रुगडा’ म्हणतात आणि पावसाळ्यात त्याची भाजी करतात. त्या नावात तारा कुठेच नाही, कारण पाकळ्या फुटायच्या आत, गोळा कोवळा असतानाच तो कढईत गेलेला असतो.