पेशव्यांनी दादरा आणि नगर हवेली विकली नव्हती

कूचबिहारच्या छिटमहालांसारखे (भारत-बांगलादेश सीमेवरील, दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांसारखे) तुटक प्रदेश भारतात आणखी कुठे आहेत आणि ते निर्माण कसे झाले, असे आपण विचारले आहे. भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल होऊन छिटमहालांचा प्रश्न मिटला. पुदुच्चेरीचे असूनही आंध्रात असलेले यानम आणि केरळात असलेले माहे, तसेच गोव्याचा असूनही जमिनीने केवळ महाराष्ट्राशी जोडलेला तेरेखोल आपल्याला नकाशावर सहज सापडतील. मी पूर्वी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या दादरा आणि नगर हवेलीविषयीच लिहितो, कारण नोकरीनिमित्त तिथे राहत असताना या विषयावरून माझा एका वरिष्ठ सहकाऱ्यांशी वाद झाला होता आणि तो आजही मला बोचतो.

वापीहून नगर हवेलीतील सिल्वासाला जाताना गुजरात संपून दादरा लागते, ते ओलांडताच पुन्हा गुजरात येतो आणि त्यानंतर नगर हवेली सुरू होते. दादऱ्यात रस्त्याला लागूनच दारूची दुकाने आहेत आणि पुढच्या पट्ट्यात दारूबंदी, त्यामुळे तिथे आमची गाडी अडवून डिकी तपासण्यात आली. पोलीस पिशव्या चाचपत असताना ते सहकारी पाहुण्यांना म्हणाले, "हा सगळा घोळ पेशव्यांचा. एका जहाजापायी त्यांनी हा मुलूख पोर्तुगीजांना विकून टाकला."

हे साफ चूक आहे. मराठा आरमाराने पकडलेल्या पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईपोटी आणि मैत्री राखण्यासाठी १७७९ च्या तहात पुणे दरबाराने मान्य केला तो वार्षिक १२,००० रुपयांचा महसूल, आणि त्यासाठीच १७८३ व १७८५ मध्ये गावे लावून दिली गेली. पोर्तुगालने भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलेल्या खटल्याच्या १९६० च्या निकालातही हे देणे सरंजामाच्या (केवळ महसूल घेण्याच्या हक्काच्या) स्वरूपाचे होते, सार्वभौमत्वाचे हस्तांतर नव्हते, असे म्हटले आहे. सरंजाम देणारा तो परत घेऊ शकतो. विकलेली वस्तू परत घेता येत नाही. मी हे त्या सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा "परिणाम तर तोच झाला ना?" असे म्हणून त्यांनी विषय बदलला. परिणाम तोच झाला म्हणून व्यवहार तोच होता असे ठरत नाही, आणि इतिहासाविषयी बोलणाऱ्याने एवढा भेद पाळलाच पाहिजे.

पुढे इंग्रजांनी या भागावरील पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्षात मान्य केले, हेही त्याच निकालात आहे. तसेच खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारतीय हद्दीतून ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मानला, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नाकारला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि सिल्वासा मुक्त केल्यावर दमणहून फौज पाठवणे पोर्तुगीजांना साधले नव्हते, कारण भारताने वाट दिली नाही. तुटक प्रदेशाचे भवितव्य अखेर मधल्या वाटेवर ठरते. म्हणून आपण अशा ठिकाणांचा अभ्यास करणार असाल, तर मूळ सनद आणि वाटेचा हक्क यांपासून सुरुवात करा, आणि कोणी पेशव्यांनी मुलूख विकल्याचे सांगितले, तर त्यांना विक्रीचा कागद दाखवायला सांगा.